कागदाच्या मागे लिहिलेल्या चार ओळी: डॉक्टर मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

आपल्याकडे रोज इतक्या जणी येतात की माझा चेहरा आपल्याला आठवत असेल, असे मी गृहीत धरत नाही. आभार आपले एकटीचे मानायचे असले तरी पत्र मुद्दाम उघडपणे लिहीत आहे. थायरॉइडची गोळी चालू असताना ज्यांना दिवस गेले आहेत आणि ज्यांना चारही बाजूंनी सल्ले ऐकावे लागत आहेत, अशा स्त्रियांनी ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितले, की सुरुवातीचे तीन महिने नाजूक असतात, तेव्हा शक्य तितकी औषधे टाळावीत आणि थायरॉइडची गोळीही तूर्त थांबवावी. दुसऱ्यांनी रिपोर्ट पाहिला, त्यावरचा ४.३ हा टीएसएचचा (थायरॉइड मंदावले की रक्तात वाढणाऱ्या संप्रेरकाचा) आकडा लॅबने छापलेल्या मर्यादेच्या आत आहे असे म्हटले आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. ती मर्यादा सर्वसाधारण प्रौढांसाठी असते आणि आधीपासून गोळी घेणाऱ्या गरोदर स्त्रीचा टीएसएच साधारणपणे २.५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात, हे मला आपल्याकडून कळले. त्या गृहस्थांना ते माहीत नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी आकडा पाहिला, तो कोणाचा आहे हे पाहिले नाही.

गोळी मी थांबवली नव्हती. मात्र रोज सकाळी ती घेताना आपल्या हातून बाळाला काही अपाय तर होत नाही ना, ही धास्ती मनात असे. त्यात थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणे, दिवसभर डोळ्यांवर येणारी झापड यांपैकी काहीही बोलून दाखवले की ‘या दिवसांत असे व्हायचेच’ हे उत्तर ठरलेले. ते खोटेही नव्हते, आणि हीच खरी अडचण आहे, कारण गरोदरपणाची आणि मंदावलेल्या थायरॉइडची लक्षणे एकमेकींत अशी मिसळतात की रक्ततपासणीखेरीज त्यांचा उलगडा होत नाही.

आपण पहिल्याच भेटीत मात्रा वाढवलीत. आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या, दर चार आठवड्यांनी तपासणी, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास दूर, आणि सकाळची मळमळ आवरत नसेल तर हीच गोळी रात्री जेवणानंतर तीनेक तासांनी. ही मात्रा माझ्यापुरती होती, प्रत्येकीची वेगळी असते, हे इथे नोंदवून ठेवते. हे सारे कोणत्याही जाणत्या डॉक्टरांनी केले असते, निदान करायला हवे होते. त्याबद्दल मी आपली ऋणी आहेच, पण हे पत्र लिहायला बसले ते त्यानंतर घडलेल्या गोष्टीमुळे.

मी उठता उठता विचारले होते, की घरी काय सांगू. प्रश्न वैद्यकीय नव्हता आणि बाहेर रांग होती. आपण पुन्हा पेन उचललेत, चिठ्ठी उलटी केलीत आणि तिच्या मागे सुवाच्य अक्षरांत चार ओळी लिहिल्यात. ही गोळी म्हणजे शरीरातच तयार होणारे थायरॉक्सिन आहे, ते कमी पडते म्हणून बाहेरून द्यावे लागते. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसे काम करत नसते, तोवर त्याला ते आईकडूनच मिळते आणि त्याच्या मेंदूच्या वाढीसाठी ते आवश्यक असते. म्हणून गोळी बंद करायची नाही, उलट वाढवली आहे. आणि चौथी ओळ: ‘शंका असल्यास मला विचारावे, हिला विचारू नये.’ खाली आपली सही आणि दवाखान्याची वेळ.

पहिल्या तीन ओळींनी माझी भीती गेली, हे खरे आहे. परंतु चौथ्या ओळीने जे केले ते आपल्याला कदाचित ठाऊकही नसेल. गरोदर स्त्रीला प्रत्येक घासाचा, प्रत्येक गोळीचा आणि प्रत्येक झोपेचा जाब द्यावा लागतो. विचारणारी माणसे प्रेमाचीच असतात, त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नाही, आणि स्वतःलाच खात्री नसलेल्या गोष्टीची बाजू दिवसातून अनेकदा मांडताना ती हळूहळू खचत जाते. आपण तो जाब माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतलात. त्यानंतर ‘इतकी गोळी कशाला?’ असे कोणी म्हटले की मी वाद घालत नसे, कागद पुढे करत असे. वडीलधाऱ्यांपैकी एकांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, सही निरखून पाहिली आणि ‘मग ठीक आहे’ एवढेच म्हणाले. आपल्याला विचारायला मात्र कोणीही आले नाही, याची आपल्यालाही कल्पना असावी असा माझा संशय आहे.

मला वाटते, ज्ञान पुष्कळांजवळ असते. आपल्यासमोर बसलेली व्यक्ती या दारातून बाहेर पडल्यावर कुठे जाणार आहे आणि तिथे तिला कोण काय म्हणणार आहे, याचा विचार करणारे थोडे असतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, वेळही फारसा लागत नाही. ज्यांनी मला गोळी थांबवायला सांगितले त्यांनी आपल्या एका वाक्याचे घरात काय होईल याचा विचार केला नव्हता, आणि त्या वाक्याचा आधार घेऊन लोक मला पुढे कितीतरी दिवस ऐकवत राहिले. उपचार न झालेल्या कमी थायरॉइडमुळे गर्भपाताचा, अकाली प्रसूतीचा, बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो हे माहीत असलेल्या माणसाने ‘नंतर बघू’ म्हणावे, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि या पत्रात तो लपवावा असेही मला वाटत नाही.

आपल्याला कळवायचे म्हणजे, प्रसूती वेळेवर झाली आणि बाळ चांगले आहे. त्याच्या टाचेतून रक्त घेऊन केलेली थायरॉइडची तपासणीही व्यवस्थित आली. आपण आधीच बजावून ठेवल्याप्रमाणे प्रसूतीनंतर लगेच माझी मात्रा पूर्वीइतकी केली असून सहा आठवड्यांनी तपासणी करून रिपोर्ट घेऊन येईन. येताना माझी धाकटी बहीणही सोबत असेल. तिलाही थायरॉइडची गोळी चालू आहे आणि आता दिवस गेले आहेत. तिने तो कागद मागितला होता, पण तिची मात्रा वेगळी असल्याने मी दिला नाही. तिला तिचा स्वतंत्र कागद लिहून द्यावा ही विनंती, आणि त्यात चौथी ओळ विसरू नये, कारण सल्ले देणारी माणसे तीच आहेत.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण