भरपाई मिळाली ती मालकांना

संपादक महोदय,

ब्रिटिश पंतप्रधान विल्यम ग्लॅडस्टन यांच्यावरील लेखात त्यांचे वडील जॉन यांना 'लिव्हरपूलचे धान्यव्यापारी' एवढ्यावरच सोडून दिले आहे. धान्याचा धंदा होता हे खरे, पण संपत्तीचा मोठा वाटा डेमेराराच्या, म्हणजे आजच्या गयानातल्या, ऊसमळ्यांचा होता. ते मळे त्यांनी कधी पाहिलेही नाहीत. कारभार मुखत्यारांकडे असे.

त्यांच्या 'सक्सेस' मळ्यावर कॉफीच्या जागी ऊस आला आणि तिथे राबणाऱ्या गुलामांचे हाल वाढले. तोडलेला ऊस थांबत नाही, रस आंबतो. म्हणून गाळपाच्या दिवसांत घाणा आणि चुलवण रात्रीही चालू ठेवावे लागते. गुऱ्हाळ पाहिलेल्यांना हे सांगायला नको. ऑगस्ट 1823 चा गुलामांचा उठाव याच मळ्यावरून पेटला. क्वामिना हा सुतार आणि त्याचा पिंपे बनवणारा मुलगा जॅक हे त्याचे पुढारी. जॅक मालकाचेच आडनाव लावत असे. क्वामिनाला गोळी घालून त्याचे प्रेत 'सक्सेस'समोर साखळदंडांत टांगले होते.

'1833 च्या कायद्याने गुलामांना भरपाई मिळाली' हे लेखातले वाक्य तर सरळ चूक आहे. गुलामगिरी बंद करणाऱ्या या कायद्याने 2 कोटी पौंड मालकांना वाटले गेले. 1822 ते 1830 मधल्या गुलामांच्या विक्रीच्या सरासरी भावावरून प्रत्येक वसाहतीचा वाटा ठरला. मग शेतमजूर, कारागीर, सहा वर्षांखालील मुले, थकलेले म्हातारे असे वर्ग पाडून माणशी दर लावले. जॉन ग्लॅडस्टन यांना 2508 माणसांपोटी सुमारे 1,06,769 पौंड मिळाले. या भरपाईच्या नोंदवह्या पाहताना नुसते मालकाचे नाव शोधून भागत नाही. मळा गहाण असेल तर पैसे सावकाराच्या नावे जात, भागीदारीत असेल तर दावा अनेकांच्या नावे असे.

गुलामांना मोकळे झाल्यावरही काही वर्षे 'उमेदवारी' म्हणून जुन्याच मालकाकडे राबावे लागले. ती संपणार हे ओळखून जॉन यांनी 4 जानेवारी 1836 ला कलकत्त्याच्या गिलँडर्स, अर्बुथनॉट कंपनीकडे पत्राने मजूर मागितले. कंपनीने कळवले की अडचण येणार नाही, या लोकांना कुठे जायचे आणि प्रवास किती लांबचा याची फारशी कल्पनाच नसते. 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' या जहाजांतून पाच वर्षांच्या करारावर 396 जण 5 मे 1838 ला डेमेराराला उतरले. उमेदवारी संपली 1 ऑगस्टला. मुदत भरल्यावर 236 परतले. जवळपास शंभर जण तिथेच मेले होते.

हीच कंपनी त्याआधीपासून मॉरिशसला मजूर पाठवत होती. त्या बेटावर पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची माणसेही गेली, आणि त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. लेखाच्या पुढच्या भागात भरपाईची चूक दुरुस्त करावी आणि या जहाजांना जागा द्यावी, ही विनंती.

आपले,
इतिहासाचे दोन वाचक, पुणे