पोझितानो बघू, पण राहू सालेर्नोत

म्युनिक,
२२ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर इटलीच्या सहलीत राहायच्या जागेवरून बाबांचं आणि माझं काही जमेना, बाबांना पोझितानो हवं आणि मला सालेर्नो, आणि आई "तुम्ही दोघं काय ते ठरवा" म्हणून कुकर बघायला निघून गेली. म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि इटलीचा नकाशा समोर घेऊन बसा. नेपल्स सापडलं की तिथून किनाऱ्याने थोडं खाली, दक्षिणेला या.

तुम्ही पाठवलेला पोझितानोचा फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला. डोंगरउतारावर एकावर एक चढलेली गुलाबी-पिवळी घरं आणि खाली निळंशार पाणी. गाव खरंच तितकं देखणं आहे. पण फोटोत जे गल्लीबोळ वाटतात त्या बहुतेक पायऱ्या आहेत. गाडीरस्ता वरून वळसे घेत जातो. किनाऱ्यावरून खोलीपर्यंत पोचायचं तर कितीतरी ठिकाणी शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात. सामान न्यायला हमाल मिळतात, पण पायऱ्या आपल्या आपणच चढायच्या. आईच्या गुडघ्यांना एकदा वर चढणं जमेलही. दुसऱ्या दिवशी मात्र ती म्हणेल, "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते." मागच्या वेळी माझ्या घरी हेच झालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आई दिवसच्या दिवस खिडकीशी. ती कधी तक्रार करत नाही, म्हणून मला जास्त लागलं. या सहलीत मला एवढंच हवं आहे की सकाळी उठून आईला समुद्रावर जावंसं वाटलं, तर कुणाची वाट न बघता, कुणाचा हात न धरता तिला जाता यावं. बाकी सगळं मी त्या एका गोष्टीभोवती बसवलं आहे.

म्हणून सालेर्नो. अमाल्फीचा किनारा पश्चिमेला पोझितानोपासून धरला, तर पूर्वेकडे जिथे डोंगर संपतो आणि जमीन सपाट होते तिथे हे शहर आहे. रेल्वे स्टेशन, बोटीचा धक्का, बाजारपेठ आणि समुद्राकाठचा ताडामाडांचा लांबलचक रस्ता, सगळं एका पातळीवर, चालत जाण्याच्या अंतरात. स्टेशनासमोरून जुन्या शहराकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर वाहनांना बंदी आहे. फोटो काढायला लोक इथे येत नाहीत, त्यामुळे खोल्यांचे दरही पोझितानोच्या मानाने पुष्कळ कमी. संध्याकाळी तिथली म्हातारी माणसं बाकांवर बसून तास न् तास गप्पा मारतात. तुम्ही दोघं त्यांच्यात सहज मिसळून जाल.

जागा मी स्वयंपाकघर असलेलीच घेणार आहे. दोन घरं हेरून ठेवली आहेत, दोन्ही स्टेशन आणि समुद्र यांच्या मधल्या भागात. जाहिरातीत "लिफ्ट आहे" एवढं वाचून मी थांबले नाही. इथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असली तरी तिच्यापर्यंत जायलाच कधी सात-आठ पायऱ्या असतात. म्हणून दोन्ही मालकिणींना रस्त्यावरच्या दारापासून लिफ्टपर्यंतचे फोटो मागितले. एकीने लगेच पाठवले: दाराशी एकच उंबरा, पुढे सरळ फरशी, आणि लिफ्ट लहान असली तरी आत दोघं आरामात मावतात. दुसरीचं उत्तर अजून आलेलं नाही, त्यामुळे मन पहिल्या घराकडेच झुकलं आहे. इटलीत आता प्रत्येक भाड्याच्या घराला सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. तोही तिच्या जाहिरातीत आहे, म्हणजे घर कागदोपत्री खरं आहे. आणि आई, तुझ्या मोठ्या काळजीचं उत्तर: इटलीत १९७५च्या एका सरकारी हुकुमाने घराच्या निदान एका न्हाणीघरात बिदे असणं सक्तीचं केलं. म्हणजे कमोडशेजारी पाण्याने धुवायची वेगळी सोय असते. म्युनिकसारखा डबा भरून न्यायला लागणार नाही.

मालकीण आपले पासपोर्ट मागेल. घाबरू नका. पाहुण्यांची नावं पोलिसांकडे कळवणं तिच्यावर बंधनकारक आहे. माणशी दर रात्रीचा एक छोटा कर असतो, तो बहुधा रोखीने तिच्याच हातात द्यायचा. त्याचे पैसे मी वेगळे काढून ठेवीन.

आता प्रवास. म्युनिकहून नेपल्सला विमानाने दोन तासांच्या आतच पोचतो. रात्रीच्या गाडीने रोमपर्यंत जाता येतं आणि बाबांना तेच आवडलं असतं, हे मला माहीत आहे. पण आईला बर्थवर झोप लागत नाही आणि पहिलाच दिवस जागरणाने खराब होईल. नेपल्सच्या विमानतळावरून स्टेशनपर्यंत टॅक्सीला ठरावीक दर आहे, तो बसण्याआधी बोलून घ्यायचा असतो. ते मी बघीन. तिथून सालेर्नोला वेगवान गाडी पाऊण तासाच्या आत नेते. मी मात्र समुद्राकाठच्या जुन्या मार्गाने जाणारी गाडी धरायचं म्हणते आहे. तिला वेळ जास्त लागतो. पण बाबा, त्या मार्गाचा नेपल्स ते पोर्तिची हा तुकडा म्हणजे इटलीतली पहिली रेल्वे, ३ ऑक्टोबर १८३९ला सुरू झालेली. आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या साडेतेरा वर्षं आधीची. उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला वेसूव्हियस ज्वालामुखी. तुम्ही खिडकीशी बसा. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. हे काम बाबांकडे.

गाडी भाड्याने घ्यायचं तुम्ही सुचवलंत, त्यावर मी बराच विचार केला. वरंध घाटात पावसाळ्यात एसटी चालवलेल्या माणसाला अमाल्फीचा रस्ता भारी नाही, हे मी कुणालाही छातीठोक सांगेन. पण हंगामात ठरावीक दिवशी तिथे नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावर सम-विषमचा नियम लागतो, गावांच्या आतल्या रस्त्यांवर कॅमेरे असतात आणि परवान्याशिवाय आत शिरलं की दंडाची नोटीस नंतर घरपोच येते. गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील, मिळाली तर तिचं भाडं जेवणापेक्षा जास्त. आणि खरं कारण वेगळं आहे. आयुष्यभर तुम्ही घाट पाहिलात तो समोरच्या काचेतून, नजर रस्त्यावर ठेवून. आता एकदा दरीकडे आणि समुद्राकडे बघत जा. एक दिवस आपण तिथल्या सीता कंपनीच्या बसने जाऊ, अमाल्फी ते सालेर्नो, सव्वा तासाच्या आसपास. तुम्हाला ड्रायव्हरच्या मागची जागा मिळावी म्हणून आपण सुरुवातीच्या थांब्यावरच जाऊन उभे राहू. आंधळ्या वळणावर तो हॉर्न कसा देतो, समोरून दुसरी बस आली की कोण मागे घेतो, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार!

पण आईला गाडी लागते, म्हणून रोजची ये-जा बोटीने. तो रस्ता मुळात झालाच १९व्या शतकाच्या पूर्वार्धात, बोर्बन राजांच्या काळी. त्याआधी ही गावं एकमेकांशी जोडलेली होती ती होड्यांनी आणि खेचरांच्या पायवाटांनी, त्यामुळे प्रत्येक गावाचं तोंड समुद्राकडे आहे. पाण्यावरून पाहिलं तरच ती पुरी दिसतात. आपल्या घराजवळच्या धक्क्यावरून बोट अमाल्फीला पस्तीस मिनिटांत जाते, पोझितानोला साधारण सत्तर. आई, मामाकडे जाताना मांडव्याच्या लाँचमध्ये तू बाहेर कठड्याशी उभी राहतेस, तसंच इथे वरच्या डेकवर बसता येतं. बोटी एप्रिल ते ऑक्टोबर नियमित असतात, पण समुद्र खवळला की बंद. म्हणून बोटीची तिकिटं मी आधीपासून काढणार नाही, हवामान बघून आदल्या दिवशी घेईन. परतीची शेवटची बोट चुकवायची नाही, एवढं तिघांनी लक्षात ठेवू.

तर पोझितानोला आपण असे जाऊ. बोट थेट किनाऱ्यावर लागते. बाबा, तुमच्या फोटोतलं सगळं गाव तिथे उभं राहून दिसतं, एक पायरीही न चढता. वाळूलगतच्या एखाद्या हॉटेलात बसू, तिथल्या लांबट लिंबांचं सरबत घेऊ आणि दुपारच्या बोटीने परत. अमाल्फीतही चौक सपाट आहे. मोठ्या चर्चला साठेक पायऱ्या आहेत, त्या ज्याला चढायच्या त्याने चढाव्यात. वाटेत चेतारा नावाचं कोळ्यांचं गाव लागतं. तिथे खारवलेले अँकोव्ही नावाचे छोटे मासे लाकडी पिंपांत दाबून ठेवतात आणि त्यातून गळणारा अर्क बाटल्यांत भरतात. आई, वासावरूनच तुला तो ओळखीचा वाटेल. एक बाटली घेऊ.

पॉम्पेई मी यादीतून काढलं आहे. तिथले दगडी रस्ते उंचसखल, सावली कमी, आणि गर्दी फार. त्याऐवजी पेस्तुम. सालेर्नोहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, स्टेशनातून बाहेर पडून थोडं सरळ चाललं की सपाट माळावर ग्रीकांनी बांधलेली तीन देवळं उभी आहेत, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकातली. आणि आई, त्याच भागात म्हशींचे गोठे आहेत! इटलीतलं चांगलं मोझरेला चीज म्हशीच्या दुधाचं असतं. एक-दोन गोठे पाहुण्यांना आत सोडतात, मी विचारून ठेवते. आपली चंद्री गेल्यापासून तू म्हशीच्या अंगावरून हात फिरवलेला नाहीस.

सालेर्नोत मला आईला एक जागा मुद्दाम दाखवायची आहे. मध्ययुगात युरोपातलं नावाजलेलं वैद्यकीय विद्यापीठ इथे होतं, आणि बाराव्या शतकात त्रोता नावाची एक वैद्य बाई इथे बायकांच्या आजारांवर औषधं देत होती. तिचे उपचार पुढे युरोपभर हस्तलिखितांतून वाचले गेले. तू चाळीस गावांत कंदील घेऊन बाळंतपणं केलीस. तिच्या गावी तू यावंस, असं मला फार वाटतं. तिथली औषधी वनस्पतींची जुनी बाग चढावर आहे, वर टॅक्सीने जाऊ.

बाबांनी माणगावच्या यशवंतराव घाडग्यांचं विचारलं होतं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक घाडगे दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ला तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, ती जागा सालेर्नोपासून फार लांब आहे, या खेपेत होणार नाही. पण ज्यांची कबर वा समाधी नाही अशा जवानांची नावं कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरली आहेत आणि त्यांत त्यांचं नाव आहे. कासिनो रोम आणि नेपल्सच्या मधे आहे, नेपल्सहून गाडी जाते, स्टेशनावरून टॅक्सी. परतीच्या आधीचा एक दिवस मी त्यासाठी मोकळा ठेवला आहे. त्या दिवशी दुसरं काहीच ठरवायचं नाही.

तारखांचं म्हणाल तर मामाच्या मुलाचं लग्न आटोपलं की तुम्ही निघा, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपण सालेर्नोला जाऊ. ऊन सोसण्याजोगं असतं आणि जून-जुलैची झुंबड सुरू झालेली नसते. व्हिसाची वेळ मुंबईला लवकर मिळत नाही, म्हणून त्याला उशीर नको. निदान ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. तो मी काढते, पण बाबांचं ब्लडप्रेशर त्यात स्पष्ट लिहायचं, लपवायचं नाही. गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावासकट इंग्रजीत लिहून घ्या आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

खर्चाचा विषय फोनवर बाबांनी दोनदा काढला. बाबा, मला इंजिनिअरिंगला घालताना तुम्ही पीएफमधून उचल घेतलीत, तेव्हा मला आकडा सांगितला नव्हतात. मीही सांगणार नाही.

पहिलं घर १० मार्चपर्यंत पैसे न कापता रद्द करता येतं, म्हणून आज तेच धरून ठेवते आहे. दारापासून लिफ्टपर्यंतचे फोटो बाबांच्या व्हॉट्सॲपवर टाकले आहेत. आईने ते स्वतः बघावेत आणि स्वतः मला फोन करून हो-नाही सांगावं. आई, "तुम्ही ठरवा" हे उत्तर चालणार नाही. कुकर आणू नकोस, माझा लहान घेऊन जाऊ. गोडा मसाला मात्र आण.

तुमची,
मनू