लेखक शाळेत येणार असतील तर

अमळनेर

प्रिय भास्कर,

स. न. वि. वि.

शाळेत बालसाहित्यिक बोलवायचं ठरतंय, फार छान. पण तू विचारलंस ते मांडव, माइक आणि शाल-श्रीफळाबद्दल. पुस्तकांबद्दल पत्रात अवाक्षर नाही. गड्या, सुरुवात तिथूनच करायची. पुस्तक वाचलेलं नसेल तर पोरांच्या लेखी लेखक म्हणजे आणखी एक प्रमुख पाहुणा.

तारीख आधी ठरव. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला सगळ्याच शाळा लेखकांच्या मागे असतात, आणि आपल्याकडे त्याच सुमारास कापसाची वेचणी लागते, पटावरची बरीच पोरं शेतात. डिसेंबर स्नेहसंमेलनात जातो. संक्रांत झाली की लगेच, २६ जानेवारीच्या कवायतीची धांदल सुरू व्हायच्या आत उरकून घे. लेखकांना दोन महिने आधी लिही आणि त्याच पत्रात मानधन, प्रवासखर्च, इयत्ता आणि मुलांची संख्या स्पष्ट कळव. मानधनाचं ‘आल्यावर बघू’ म्हणणं वाईट दिसतं. तुमच्या शिरपूरला रेल्वे नाही, तेव्हा धुळ्याला किंवा नरडाण्याला कोण घ्यायला जाणार तेही आत्ताच ठरव. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला थेट वर्गात उभं करू नकोस.

पुस्तकं घेताना दहा पुस्तकांची एकेक प्रत नको. दोनच निवड आणि प्रत्येकी ८ प्रती घे. ४० च्या वर्गात पाच जणांत एक प्रत होते आणि पोरं डोकं घालून वाचतात. तीन आठवडे आधी रोज मोठ्याने वाचन सुरू कर. ३२ पानांचं चित्रपुस्तक चित्रं दाखवत वाचलं तर वीसेक मिनिटांत होतं. पैसे कमी पडले तर ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवलेत, त्यांत त्या लेखकांचं काही सापडतं का बघ.

खरी मेहनत प्रश्नांवर. आयत्या वेळी ‘विचारा रे प्रश्न’ म्हटलं की पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उठतो आणि ‘आपल्याला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?’ विचारतो. तो प्रश्न गुरुजींचा असतो, पोराचा नाही. त्यापेक्षा आठवडाभर आधी चिठ्ठ्या वाट. प्रत्येकाने पुस्तकातलं एक पान धरून, तिथे काय खटकलं किंवा आवडलं त्यावर विचारायचं. अहिराणीत लिहिलं तर तसंच राहू दे. ‘त्या बकरीले नाव काब्र नही?’ (बकरीला नाव का नाही?) हा प्रश्न शुद्ध करून घेतलास की त्यातला जीव गेला. शुद्धलेखनाचा लाल पेन त्या आठवड्यात कपाटात ठेव. मग १२-१५ चिठ्ठ्या निवड आणि ज्याची चिठ्ठी त्यानेच विचारायचं. मागच्या बाकांवरच्या चिठ्ठ्या मुद्दाम घे. निवडलेल्या चिठ्ठ्या लेखकांना आधी पाठवल्यास तरी चालतं, उत्तरं नेमकी येतात.

सगळी शाळा मैदानात बसवू नकोस. पहिली-दुसरीला अर्धा तास, तिसरी ते पाचवीला पाऊण, वरच्यांना एक तास, एका वेळी ५०-६० पोरं. सतरंजीवर अर्धगोलात बसवलीस तर माइकही लागत नाही. घरघरणाऱ्या माइकमुळे गोष्ट वाया जाते. स्वागत, प्रास्ताविक, परिचय मिळून पाच मिनिटं. अध्यक्षांचं भाषण नकोच (हे त्यांना कसं सांगायचं ते तुझं तू बघ). लेखकांना सांग, उपदेश नको. दोन पानं वाचा आणि खाडाखोड केलेला कच्चा खर्डा दाखवा. छापील ओळ चार वेळा खोडून झालेली असते हे पाहिलं की निबंधाच्या वहीची भीती जरा कमी होते. चित्रकार सोबत असतील तर फळा आणि जाड मार्कर तयार ठेव.

भरीत-पुरीचं जेवण शेवटच्या सत्रानंतरच. आधी दिलंस तर पाहुणे पेंगतील. शेवभाजीचा तिखटपणा विचारून घे.

स्वाक्षरीला एका पोरामागे अर्धा मिनिट धर, म्हणजे ६० पोरांना अर्धा तास. नावाची चिठ्ठी पुस्तकात आधीच घालून ठेव, नाहीतर ‘दीपाली’ की ‘दिपाली’ यातच वेळ जातो. विक्री ठेवणार असशील तर किमती आठवडाभर आधी घरी कळव. ज्यांना घेणं जमणार नाही त्यांच्यासाठी पुठ्ठ्याच्या खुणपट्ट्या काप, त्यावर सही. तेवढं केलं नाहीस तर पोरं हातावर सह्या घेतात आणि निम्मी रांगेत हिरमुसून उभी राहतात.

उरलेल्या चिठ्ठ्या टाकू नकोस, एका पाकिटात घालून लेखकांना पाठव. उत्तर आलं की वर्गात वाचून दाखव. आणि त्या १६ प्रती मुख्याध्यापकांच्या कुलपाच्या कपाटात जाऊ देऊ नकोस, वर्गात दोरीवर टांग.

पुस्तकांसाठी किती रक्कम मिळतेय ते कळव, म्हणजे कोणाला बोलवावं त्याची नावं पुढच्या पत्रात लिहितो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
प्रकाश