सलग ४२ किलोमीटर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि.

काल गाडी पहिल्यांदा सलग ४२ किलोमीटर चालली. मध्ये एकदाही बंद पडली नाही, वाटेत एकही नट सांडला नाही. परत आल्यावर मी तिच्या शेजारी जमिनीवरच बसून राहिले. इंजीन गार होताना टिक टिक वाजतं ना, ते थांबेपर्यंत. हे फोनवर सांगायला गेले की दादा मध्येच बोलतो, आई ब्रेकचं विचारते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, यातलं बरंचसं तुमच्यासाठी आहे. आई, ब्रेकचं मी नीट सविस्तर लिहिलंय, तेवढं तू नक्की वाच.

गाडी कोणती ते तुम्हाला माहीत आहे, पण आईसाठी पुन्हा सांगते. यामाहा एक्सएस ६५०, १९७७ सालची. दोन सिलिंडर, ६५३ सीसी. माझ्याकडे आली तेव्हा ती गाडी नव्हतीच, सहा खोकी होती. मागची फ्रेम कापून आखूड केली, सीट मी स्वतः बनवली, सगळं वायरिंग नव्यानं ओढलं. वेल्डिंगला मात्र मी हात लावला नाही, ते ज्याचं रोजचं काम आहे त्याच्याकडून करून घेतलं. फ्रेमच्या जोडावर माझा जीव अवलंबून असणार, तिथे शिकाऊ हात नको. कागदपत्रं, तपासणी सगळं रीतसर झालंय.

पहिल्यांदा सुरू केली त्या दिवसाबद्दल बोलले होते, पण त्याआधीचा आठवडा सांगितला नव्हता. किक मारतेय, मारतेय, प्लगवर ठिणगी येते तर कधी येतच नाही. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, घासून साफ केले, फीलर गेजची पातळ पट्टी घालून त्यांच्यातली गॅप बसवली, ठिणगी पडायची वेळ म्हणजे टायमिंग दोनदा तपासलं. सगळं जागच्या जागी. शेवटी मीटर लावून बघितलं तर बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजीन यांच्यामध्ये जोडच धड नव्हता. फ्रेमला मी पावडर कोटिंग करून घेतलं होतं, काळंभोर, सुरेख. अर्थची वायर त्या कोटिंगवरच आवळली होती. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचा थर, त्यातून करंट जाणार कसा? बोल्टच्या थोड्याफार आट्यांमधून जेवढा जाईल तेवढाच. रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं केलं, वायर बसवली, वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस लावलं. दुसऱ्या किकला इंजीन लागलं. तो आवाज मी विसरणार नाही, बाबा. या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात आणि एकदमच खाली जातात, फक्त फायरिंग आळीपाळीनं. त्यामुळे आवाज एकसारखा, भरदार येतो. पण त्याच कारणानं ते हादरतंही भरपूर, त्याचं पुढे येईलच.

आता ब्रेक. पुढे डिस्क आहे. नवी पाइप, नवे सील घातले तरी लिव्हर स्पंजासारखी दबायची. म्हणजे तेलात हवा. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून हवा असली की लिव्हर हँडलला टेकते आणि चाक धरतच नाही. दोन संध्याकाळी ब्लीड करत बसले. लिव्हर दाबायची, हवा काढायचा स्क्रू म्हणजे निपल जरा सोडायचा, बुडबुडे येतात का बघायचं, निपल आवळायचा, मगच लिव्हर सोडायची. तरी शेवटचा थोडा मऊपणा जाईना. मग लिव्हर दाबलेल्या अवस्थेत दोरीनं हँडलला बांधली आणि रात्रभर तशीच ठेवली. उरलेले बारीक बुडबुडे वर चढले आणि लिव्हर सोडल्यावर ब्रेक तेलाच्या डबीत निघून गेले. सकाळी लिव्हर दगडासारखी घट्ट. आई, त्यानंतरच मी गाडी बाहेर काढली. पहिले तीन दिवस मोकळ्या आवारात फक्त पहिल्या गिअरमध्ये जायचं आणि ब्रेक मारून थांबायचं, एवढंच केलं. हेल्मेट, जाकीट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, यातलं एकही नसेल तर मी किकवर पाय ठेवत नाही.

रस्त्यावरच्या पहिल्या फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्या. जायचं, यायचं आणि मग पाना घेऊन गाडीभोवती फिरायचं. पहिल्या फेरीत सायलेन्सरच्या क्लॅम्पचा एक नट गेला. दुसऱ्या फेरीनंतर मागच्या लाइटच्या पट्टीला केसाएवढी चीर दिसली. मी पट्टी सरळ फ्रेमला आवळली होती. आता मध्ये रबराचे बुश घातलेत. नट सैल होऊ नयेत म्हणून आट्यांवर लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावलं, आणि दर नटावर आणि त्याखालच्या पत्र्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. गाडीला पाना न लावता नुसत्या नजरेनं एक फेरी मारली की कळतं. तेल पहिल्या काही फेऱ्यांनंतरच बदललं. ड्रेन बोल्टला लोहचुंबक आहे, त्यावर राखाडी लुकण होतं, पण कपची एकही नाही. बोटांत चोळून चोळून बघितलं.

मग ओढ. अर्ध्या रेसपर्यंत ठीक, पुढे दिली की गाडी अडखळायची, कार्ब्युरेटरमधून ठपकन आवाज यायचा. प्लग काढले तर टोकं खडूसारखी पांढरी. मूळचा एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, काढून मी सुटे फिल्टर बसवले होते, त्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडत होतं. त्यात या कार्ब्युरेटरचा स्लाइड केबलनं उचलला जात नाही, आतल्या रबरी पडद्यावर हवेच्या दाबात फरक पडला की तो आपोआप उचलला जातो. एअरबॉक्स काढला की तो दाबच डळमळतो. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी, एक नंबर मोठा घातला, मग आणखी एक. प्रत्येक वेळी एकच बदल, मग फेरी, मग प्लग. आता टोकं विटकरी तपकिरी येतात. हे काम मला मनापासून आवडलं. प्लग म्हणजे इंजिनानं लिहून ठेवलेली चिठ्ठीच असते.

यानंतर जे झालं त्यासाठी खरं तर हे पत्र.

गाडी छान चालायला लागली, म्हणून लांब जाऊ म्हटलं. दहा-बारा मिनिटं सुरेख गेली. मग एकदम रेस आपोआप चढल्यासारखी झाली, दोनदा आचके दिले आणि बंद. किक मारून पाय दुखले. रस्त्याकडेला पाचेक मिनिटं उभी राहिले, पुन्हा मारली तर पहिल्याच किकला सुरू. पुन्हा दहा-बारा मिनिटं, पुन्हा तेच. गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू, म्हणजे ठिणगीचा करंट देणारी कॉइल, असं मी ठरवूनच टाकलं. कॉइल आतून तापली की करंट सोडते, हे खरंच आहे. दोन्ही कॉइल बदलल्या, दोन्ही कंडेन्सरही बदलले. पंधरा दिवस त्यातच गेले. त्यानंतरच्या पहिल्या फेरीला बरोबर त्याच वळणावर गाडी बंद.

त्या दिवशी प्लगपाना बरोबर होता. गाडी बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, प्लग काढला, हेडला टेकवून धरला आणि किक मारली. निळीशार, जाड ठिणगी. कॉइलचा काही संबंधच नव्हता. मग कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सोडला. पेट्रोलची धार यायला हवी होती. चार थेंब आले आणि थांबले. टाकी तर अर्धी भरलेली, हलवली की डुचमळतेय.

तिथे रस्त्याकडेला बसल्यावर मला तुम्ही दिसलात. आपली जुनी स्कूटर बंद पडली की तुम्ही सगळ्यात आधी काय करायचात? खाली उतरायचात, सीट उचलायचात, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचात, क्षणभर तसंच ठेवायचात आणि परत लावायचात. मग किक. मी मागे आईच्या मांडीवर बसलेली असायचे आणि मला वाटायचं की तुम्ही पेट्रोल किती उरलंय ते बघताय. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही, तुम्हीही कधी सांगितलं नाही.

मी झाकण उघडलं. बाबा, 'सुऽऽस' करून हवा आत शिरली! कान झाकणाशीच होता म्हणून स्पष्ट ऐकलं. आणि खालचा स्क्रू मी अजून मिटवला नव्हता, त्यातून पेट्रोलची धार लागली, माझ्या बुटावरच.

टाकीतून पेट्रोल खाली जातं तेव्हा तेवढीच हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बंद झालं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल वरच धरून ठेवलं जातं, भरलेल्या नळीचं वरचं तोंड बोटानं दाबून धरल्यासारखं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ओसरत जातं, शेवटी हवाच जास्त होते, म्हणून आधी रेस चढते आणि मग इंजीन मरतं. पाच मिनिटं थांबलं की फटीतून थोडी थोडी हवा झिरपते आणि गाडी सुरू होते. मला वाटत होतं ती गार होतेय, खरं तर ती श्वास घेत होती.

भोक बंद केलं होतं मीच. जुनं वायसर कडक झालं होतं म्हणून रबराच्या शीटमधून नवं कापलं, गोल, नीटनेटकं, आणि जरा मोठं. ते बरोबर त्या भोकावर बसलं होतं. वायसर काढून आडवं धरलं तर रबरावर भोकाचा बारीक ठसा उमटलेला दिसला. नखानं चाचपला तर लागत होता. खिशातल्या चाकूनं तेवढी कड कापली आणि गाडी घेऊन घरी आले. ते वायसर मी डबीत जपून ठेवलंय, येताना घेऊन येईन.

त्यानंतर एकच मोठं दुखणं निघालं. संध्याकाळी चालवताना हेडलाइट पिवळा पडत गेला. बॅटरीवर मीटर लावला तर रेस दिल्यावर जवळपास चौदा व्होल्ट दिसायला हवेत, दिसले १२.२, आणि तेही उतरत होते. या वेळी मात्र काहीही बदलण्याआधी मोजलं. या गाडीच्या अल्टरनेटरमध्ये, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रात, कायमचं चुंबक नसतं. त्यातल्या फिरत्या भागाला, रोटरला, कार्बन ब्रशमधून करंट मिळाला तरच तो चुंबक होतो. म्हणजे चावी चालू करून रोटरच्या मधल्या नटाजवळ स्क्रूड्रायव्हर नेला की तो खेचला जायला हवा. मी नेला, काहीच ओढ नाही. कव्हर उघडलं तर एक ब्रश झिजून निम्म्याहून लहान झालेला, रिंगला टेकतच नव्हता. रोटरचा रेझिस्टन्स साधारण पाच ओहम भरला, म्हणजे वाइंडिंग शाबूत. नवे ब्रश घातले, चावी फिरवली, स्क्रूड्रायव्हर नेला आणि तो हातातून खट्कन जाऊन चिकटला.

मग कालचा दिवस. सकाळी लवकर निघाले, रस्ता रिकामा होता. ते वळण आलं तेव्हा क्लचवरची बोटं आपोआप ताठ झाली. वळण गेलं. पुढचा चढ तिनं तिसऱ्या गिअरमध्ये काढला, जराही न अडखळता, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं तुम्हाला हाक मारली. आरशात काही दिसत नव्हतं, इतका तो थरथरत होता. एका झाडाखाली उभी करून पांढऱ्या रेघा बघितल्या, सगळ्या जुळलेल्या. टाकीला हात लावला, इंजिनाची ऊब वरपर्यंत आली होती.

एक काम आहे तुमच्याकडे. सकाळी इंजीन गार असताना त्याच्या हेडच्या मधल्या भागातून खळखळ ऐकू येते, गरम झाल्यावर कमी होते. टॅपेट मी बसवलेत, त्यांची टकटक वेगळी असते, एकेरी आणि ठरलेल्या अंतरानं. मला झडपा चालवणाऱ्या कॅम चेनचा संशय आहे, कारण ती दोन सिलिंडरच्या मधूनच जाते आणि तिला ताण देणारा टेन्शनर सिलिंडरच्या मागे मधोमध आहे. पण कॉइलच्या वेळीही मला अशीच खात्री होती. दादाच्या फोनवर आवाज पाठवलाय, आधी गार इंजिनाचा, मग गरम. कानाला लावून शांतपणे ऐका, घाई नको. तुमचं उत्तर येईपर्यंत मी टेन्शनरला पाना लावणार नाही.

आईच्या गुडघ्याचं काय ते तिला स्वतः लिहायला सांगा, तुम्ही 'बरं आहे' एवढंच कळवता.

तुमची,
मनू