‘सिली’च्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांस

सप्रेम नमस्कार,

१८७९ साली संपादक जेम्स मरे यांच्या आवाहनाला ओ देऊन ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी फुकट पुस्तकं वाचणाऱ्या आणि त्यांतली शब्दांची उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवणाऱ्या तुम्हा मंडळींचे आभार मानायचे आहेत. निमित्त एका विशेषणाचं. जुनं इंग्रजी शिकवताना ‘सिली’पाशी आलो की तुमच्यावाचून आमचं पान हलत नाही.

आज सिली म्हणजे बावळट. जुन्या इंग्रजीतला ‘गेसॅलिग’ मात्र सुखी, भाग्यवान. त्याचा जर्मन भाऊबंद ‘झेलिग’ अजूनही ‘धन्य’च आहे, आपण ‘कैलासवासी’ लावतो तसा तो गेलेल्या माणसालाही लागतो. इंग्लंडात भाग्यवंताचा पुण्यवान झाला, पुण्यवानाचा निष्पाप, निष्पापाचा बिचारा, बिचाऱ्याचा दुबळा आणि सोळाव्या शतकात मूर्ख. जुने अर्थ लगेच मेले नाहीत. बराच काळ एकत्र नांदले. वाटेत ‘सीली’ या जुन्या रूपातला दीर्घ स्वरही आखडला.

हे कळतं ते तुमच्या अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्यांमुळे. डावीकडे वर शब्द, मग साल, लेखक, ग्रंथ, पान आणि खाली पूर्ण वाक्य. पुनर्मुद्रणाचं साल टाकलं, तर अर्थ शंभर वर्षं पुढे सरकतो. ‘एस-ई-एल-वाय’ हे जुनं स्पेलिंग ‘सुधारलं’, तर स्वराचा पुरावाच जातो. वाक्य तोडणं सगळ्यात वाईट. शेक्सपिअरच्या सहाव्या हेन्रीवरच्या तिसऱ्या नाटकात मेंढपाळ ‘सिली’ मेंढरांकडे बघत असतात. दोनच शब्द उतरवले, तर मेंढरं मूर्ख ठरतात. अख्खं वाक्य वाचलं की कळतं, प्रजेच्या दग्याला भिणाऱ्या राजाच्या भरजरी छतापेक्षा मेंढपाळाला झुडपाची सावली गोड, असं राजा म्हणतोय. मेंढरं निरुपद्रवी, गरीब आहेत, इतकंच.

आवाहनात भर दुर्मीळ शब्दांवर होता, त्यामुळे साधे शब्द निसटायचे. मरे यांची तक्रारच होती: दुर्मीळ ‘अब्यूझन’ची उदाहरणं पन्नासेक, नेहमीच्या ‘अब्यूज’ची पाचसुद्धा नाहीत. तरीही ज्यांनी ‘सिली’सारखा रोजचा शब्द दिसताच लेखणी उचलली, त्यांचे आभार जरा जास्त.

क्रिकेटमधल्या ‘सिली पॉइंट’चं कोडं मात्र तुमच्याविना सुटतं. बॅटच्या इतक्या तोंडाशी उभं राहणं हा वेडेपणाच. तिथं भाग्यवंत शोधायला जाऊ नये.

आपले ऋणी,
जुन्या इंग्रजीचे काही मराठी शिक्षक