मुख्याध्यापकांचे लॉगबुक कोण पाहतो?

महोदय,

दहावीचा निकाल लागला की गावोगावी माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा एक तर सत्कार होतो, नाही तर झाडाझडती. निकालाची टक्केवारी सोडली, तर त्यांचे नेमके काम काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. संस्थाचालकांच्या लेखी ते नियमानुसार शाळा समितीचे सचिव, म्हणजे ठराव लिहिणारे आणि भिंतीच्या डागडुजीसाठी पैसे उभे करणारे गृहस्थ असतात. शिक्षण विभागाच्या लेखी ते ‘माहिती आजच दुपारपर्यंत सादर करावी’ या संदेशाचे धनी असतात. यूडायस आणि सरल या सरकारी प्रणालींत भरायची शाळेची व विद्यार्थ्यांची माहिती, शालार्थ या वेतनप्रणालीतली वेतनदेयके, संचमान्यता म्हणजे पटसंख्येनुसार पदांची मंजुरी, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब या साऱ्यावर त्यांचीच सही लागते. अनेक अनुदानित शाळांत लिपिकाचे पद रिकामे असल्याने माहितीही तेच भरतात. डिसेंबर 2020 च्या शासननिर्णयाने शिपायाच्या नियमित पदाऐवजी भत्ता आला, तेव्हापासून काही ठिकाणी घंटाही त्यांनाच द्यावी लागते.

या धबडग्यात मागे पडते ते पाठनिरीक्षण, म्हणजे वर्गात बसून शिक्षकाचा तास पाहणे. मी नोकरीला लागलो तेव्हाचे आमचे मुख्याध्यापक न सांगता शेवटच्या बाकावर येऊन बसत आणि तास संपल्यावर लॉगबुकात शेरा लिहीत. नववीच्या भूमितीच्या एका तासाला त्यांनी लिहिले होते, ‘फलकलेखन सुबक, मात्र प्रश्न पुढच्या दोन बाकांनाच विचारले गेले.’ पुढच्या आठवड्यात ते पुन्हा त्याच वर्गात येऊन बसले. शिक्षकांना त्यांचा धाक होता, हे खरे; पण शिकवण्यातली अडचण घेऊन हक्काने जावे, असे ठिकाणही तेच होते. आज अनेक शाळांत ही वही तपासणीच्या आदल्या दिवशी एका बैठकीत भरली जाते, आणि तपासायला येणाऱ्यांनाही ते ठाऊक असते.

याचा दोष एकट्या मुख्याध्यापकांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. ज्येष्ठतेने खुर्ची मिळाली म्हणून काही जण कागदांतच रमतात, हेही नाकारता येणार नाही. परंतु वर्गात बसू इच्छिणाऱ्यालाही आपण तेवढी उसंत ठेवलेली नाही. शासनाने अनुदानित शाळांतील लिपिकांची रिक्त पदे आधी भरावीत, आणि पालकांनीही सभेत निकालाच्या टक्केवारीबरोबर या महिन्यात किती तास पाहिले, हे मुख्याध्यापकांना विचारावे.

— एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, जि. सातारा