आधी कृमी ओळखा, मग औषध ओता

महोदय,

घरगुती मत्स्यालयांत रंगीत चेरी कोळंबी पाळण्याची हौस वाढली आहे आणि तिच्याबरोबर टाकीच्या काचेवर दिसणाऱ्या पांढऱ्या कृमींची धास्तीही. कृमी दिसताच, तो कोणता याची शहानिशा न करता, कुत्र्यामांजरांना द्यायचे जंताचे औषध टाकीत ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याविषयी हे पत्र.

काचेवर दिसणारा प्रत्येक पांढरा कृमी उपद्रवी नसतो. केसासारखे बारीक, पाण्यात वळवळत पोहणारे कृमी बहुधा वलयांकित, म्हणजे गांडुळाच्या गोतातले असतात. ते रेतीतला कुजका गाळ खातात आणि माशांना त्यांचा काहीच त्रास नसतो. प्लॅनेरिया हा चपटा कृमी मात्र वळवळत नाही, तो काचेवरून संथपणे घसरत जातो. त्याचे डोके बाणाच्या टोकासारखे त्रिकोणी असते आणि त्यावर दोन डोळ्यांचे ठिपके भिंगातून स्पष्ट दिसतात. दिवसा तो रेतीत दडतो, म्हणून दिवा मालवल्यावर थोड्या वेळाने विजेरीने काच पाहावी. मोठ्या माशांना त्याचा विशेष उपद्रव नाही. कोळंबीची पिल्ले आणि नुकतीच कात टाकलेली कोळंबी मात्र त्याच्या तावडीत सापडते.

तो दिसला म्हणून पात्याने खरवडू नये. प्लॅनेरियाचे पुनर्जनन, म्हणजे तुकड्यातून पुन्हा पूर्ण शरीर तयार होणे, आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते, पण टाकीपाशी ते आठवत नाही. पुढे नोबेल मिळवणारे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही नवा प्लॅनेरिया तयार होतो, असे नोंदवले होते. त्यामुळे तो नळीने अखंड ओढून काढावा, किंवा बारीक भोके पाडलेल्या बाटलीत कच्च्या मांसाचा तुकडा ठेवून रात्री टाकीत सोडावी, सकाळी ती उचलावी आणि आतले कृमी उकळत्या पाण्यात टाकावेत. मोरीत जिवंत सोडू नयेत.

कृमींची संख्या वाढण्याचे मूळ बहुतेकदा जादा खाद्यात असते. उरलेले खाद्य रेतीत कुजते आणि त्यावर कृमी पोसले जातात. खाद्य निम्म्यावर आणून रेती साफ केल्यास पुष्कळदा औषधाची वेळच येत नाही. नव्या पाणवनस्पतींवरून कृमींची अंडी येतात, तेव्हा त्या काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवणेही हिताचे.

एवढे करूनही कृमी हटले नाहीत तर फेनबेंडाझोल (कुत्र्यामांजरांना देतात ते जंताचे औषध) किंवा सुपारीच्या अर्काची भुकटी उपयोगी पडते. (आपल्या कोकणातल्या सुपारीचा हा उपयोग पानाच्या शौकिनांना ठाऊक नसावा, पण म्हणून घरची सुपारी कुटून टाकू नये, कारण तिचे प्रमाण ठरवता येत नाही.) ही दोन्ही औषधे टाकीतल्या गोगलगायींना घातक ठरू शकतात, आणि फेनबेंडाझोलचा अंश रेतीत दीर्घकाळ राहत असल्याने नंतर सोडलेल्या गोगलगायीही दगावतात. शिवाय मेलेले कृमी कुजून पाण्यातील अमोनिया वाढतो, म्हणून पाण्याचा काही भाग लगोलग बदलावा लागतो. माशांच्या कल्ल्यांना चिकटणारे चपटे कृमी हे वेगळे प्रकरण आहे. मासे दगडांना अंग घासू लागले, पृष्ठभागी येऊन धापा टाकू लागले, तर त्यासाठी प्राझिक्वांटेल हे दुसरे कृमिनाशक औषध वापरतात, आणि तेही जाणकाराला विचारूनच.

दुकानदारांनी असे औषध हाती देण्यापूर्वी टाकीत किती लिटर पाणी आहे आणि गोगलगायी आहेत का, हे दोन प्रश्न गिऱ्हाइकाला विचारावेत, एवढी विनंती.

– एक मत्स्यप्रेमी वाचक, डोंबिवली